पाणी, बाक, गाव

संग्राम मगदूम याचं नाव ठेवताना त्याच्या आत्याच्या मनात काय होतं कोण जाणे. नाव संग्राम, आणि सारी हयात गेली ती दुसऱ्यांचे संग्राम मोडण्यात. मित्र त्यावरून त्याची भरपूर थट्टा करत आणि तोही त्यांच्याबरोबर हसे, कारण त्याला एका गोष्टीचा मनापासून अभिमान होता. हिंदोळानगरीत साधा रक्षक म्हणून लागल्यापासून सुरक्षाप्रमुख होईपर्यंत तो हजारो भांडणांत शिरला होता, पण एकाही पाहुण्याच्या अंगाला त्याने रागाने बोट लावलं नव्हतं.

तो अभिमान एका रविवारी भर दुपारी धुळीला मिळाला.

हिंदोळानगरी म्हणजे पुणे-कोल्हापूर महामार्गालगतच्या पठारावर वसवलेलं करमणुकीचं गावच. तिथे आकाशपाळणे होते, रुळांवरून वळसे घेत पोटात गोळा आणणारा वेगसर्प होता, कृत्रिम लाटा उसळवणारं लाटातळं होतं. या सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षात संग्राम त्या दिवशी चहा पीत उभा होता. शेजारी डॉ. तस्नीम मुकादम होती. मूळची दापोलीची, शिक्षणाने मेंदूशास्त्रज्ञ, आणि नगरीच्या प्रयोगशाळेची प्रमुख. समोरच्या भिंतभर पडद्यावर अचानक एक तांबडा ठिपका लुकलुकू लागला. तंटादर्शक जागा झाला होता. माणसांची चाल, श्वास आणि आवाजाची पट्टी यांवरून भांडण पेटण्याच्या जरा आधीच ते ओळखणारं हे यंत्र.

"लाटातळं, दक्षिण काठ," तस्नीम म्हणाली. "आरामखुर्चीवरून. एकाने टॉवेल टाकून जागा धरली होती, दुसऱ्याने टॉवेल उचलून बाजूला ठेवला."

संग्रामला हसू आलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांची आपण लेकरं. एक वेळ बांधावरची जमीन सोडू, पण रुमाल टाकलेली जागा सोडणार नाही.

"गावं कुठली?" त्याने विचारलं.

"टॉवेलवाले इस्लामपूरचे, दुसरे वेंगुर्ल्याचे. तुम्ही पोचलात की गंध सोडते."

रक्षक जागेवर पोचल्याशिवाय गंध सोडायचा नाही असा नियम होता. गंधाने माणूस क्षणभर बधिर होतो. कुणी पाण्यात पडू नये म्हणून सावरायला माणूस हवा. संग्राम पोचला तेव्हा दोघं एकमेकांना भिडलेच होते. खुर्च्यांखालच्या बारीक नळ्यांतून दोन वास हलकेच सुटले. वेंगुर्लेकराच्या बाजूला भाजलेल्या काजूबियांचा. त्याचे हात खाली आले आणि तो स्वतःशीच पुटपुटला, "आमच्या बागेतल्या मांगरात..." इस्लामपूरकराच्या बाजूला गुऱ्हाळाचा, काहिलीत रटरटणाऱ्या उसाच्या रसाचा, चुलवणाच्या धुराचा. त्याचेही डोळे निवले. भांडण संपलं होतं.

आणि तेवढ्यात संग्रामच्या डोळ्यांपुढे एक चेहरा आला. लालबुंद, घामाने डबडबलेला, जाड मिशा, डाव्या भुवईवर आडवी खोक. त्यापुढचं त्याला आठवत नाही. भानावर आला तेव्हा इस्लामपूरकराच्या बनियनचा गळा त्याच्या डाव्या मुठीत होता, उजवी मूठ हवेत होती, आणि दोन सहकारी ती मूठ धरून लोंबकळत होते. तो बिचारा पाहुणा लहान पोरासारखा त्याच्याकडे बघत राहिला होता.

चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, असा निरोप संध्याकाळच्या आत मिळाला. संग्रामने गणवेशाची टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याला शरम वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. तो हात आपला होता यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता.

गंध येण्याआधीचे दिवस वेगळे होते, आणि संग्रामला ते हल्ली फार आठवत.

तेव्हा तंटादर्शक नव्हता. आरडाओरडा कानावर आला की धावायचं. भांडणाची वेळ मात्र सगळ्यांना पाठ होती. ऊन डोक्यावर, रांग लांब आणि पोटात कावळे. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. पोटोबा नसला की विठोबा तर राहोच, माणूस मेव्हण्यालाही ओळख देत नाही. रक्षकांची रीत तीन शब्दांची होती: पाणी, बाक, गाव. आधी दोघांना एकमेकांकडे पाठमोरं करायचं. हाताला धरून ओढायचं नाही, नुसतं मध्ये उभं राहून खांद्याने वळवायचं. मग प्याला भरून पाणी. मग करंजाच्या झाडाखालच्या लांब बाकावर एकाला या टोकाला, दुसऱ्याला त्या टोकाला बसवायचं. आणि मग शेजारी टेकून विचारायचं, "पावणं, गाव कुठलं?"

एवढ्यावर माणूस सुटायचा. आधी गावाचं नाव फेकल्यासारखं सांगायचा. मग तालुका. मग नदी, नदीवरचा डोह, डोहात बुडता बुडता वाचलेला मोठा भाऊ. चहा येईस्तोवर डोळ्यांत पाणी. एकदा वेगसर्पाच्या रांगेत एकमेकांच्या आया-बहिणी काढलेले दोन गृहस्थ या बाकावर शेजारच्या गावांचे निघाले, आणि पुढच्या वर्षी एकाची मुलगी दुसऱ्याच्या पुतण्याला दिली. लग्नाला संग्रामला आग्रहाचं बोलावणं होतं. तिथे त्याने पोटभर बासुंदी खाल्ली, आणि वरमाईला हे लग्न कशावरून जुळलं ते कुणी सांगणार नाही याचीही काळजी घेतली.

तस्नीम पहिल्यांदा नगरीत आली ती अभ्यासासाठी. तिने एक अख्खा हंगाम त्या बाकाजवळ काढला. एक दिवस तिने विचारलं, "संग्रामदादा, तुम्ही गावच का विचारता?"

"मग काय विचारू? 'का भांडलात' म्हटलं की तो पुन्हा भांडायला लागतो. नाव विचारलं की त्याला वाटतं, पोलिसांत देणार. मला ज्यांनी कामाला लावलं ते असंच करायचे का, म्हणाल तर तसंही नाही. माझ्या तोंडात आपोआपच आलं ते."

"त्यामागे शास्त्र आहे," ती उत्साहाने म्हणाली. "माणूस बालपणाच्या आठवणीत शिरला की मेंदूतल्या रागाच्या केंद्राची धार बोथट होते. राग आणि गावची ओढ एका वेळी फार काळ नांदत नाहीत. तुम्हाला त्याला तिथवर न्यायला चहा संपेपर्यंतचा वेळ लागतो. गंधाने ते एका श्वासात होईल. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत वळसा घेऊन पोचतं. नाकाची वाट मात्र थेट आठवणींच्या दारात जाते."

"म्हणजे विचारायचीही गरज नाही?"

"गाव आपण दारातच विचारू. मनगटपट्टी बांधताना."

या यंत्रणेला तिने नाव दिलं, स्मरगंध. संग्रामला ती मनापासून पटली, हे इथे सांगायलाच हवं. त्याने कुरकुर केली नाही की नाक मुरडलं नाही. कुठल्या गावाला कुठला वास हे ठरवताना तो रात्रंदिवस तिच्याबरोबर राबला. गुऱ्हाळाचा वास तर त्याच्याच सांगण्यावरून तयार झाला. पाच-सहा नमुने फेटाळून शेवटी एके दिवशी त्याने नळीला नाक लावलं आणि तो म्हणाला, "हाच." पुढे करंजाखालचा बाक काढून तिथे पॉपकॉर्नचं दुकान टाकायचं ठरलं, तेव्हा होकार देणाऱ्यांत तोही होता. भांडणच उरलं नाही, तर बाक कशाला?

स्मरगंध कमालीचा यशस्वी झाला. देशभरातून लोक बघायला आले. काही पाहुणे तर गंधासाठीच यायला लागले. चिपळूणचे निवृत्त मुख्याध्यापक खांबेटेसर दर बुधवारी येत, रांगेत कुणालातरी मुद्दाम ढुशी देत, खोटं खोटं ओरडत, आणि अंगणात वाळत घातलेल्या फणसपोळ्यांचा वास मिळाला की डोळे पुसत "माफ करा हं" म्हणून घरी जात. रक्षकांना त्यांचं नाटक ठाऊक होतं. त्यांना जवळचा म्हातारा पाहुणा समजून सगळे सांभाळून घेत.

पण वर्षभराने सरांचं ओरडणं खोटं वाटेनासं झालं. शेवटच्या बुधवारी त्यांनी एका कॉलेजच्या मुलावर काठी उगारली. नंतर ते तस्नीमच्या खोलीत ढसाढसा रडले. "फणसपोळीचा वास आला की मला आई दिसायची," ते म्हणाले. "आता रांग दिसते. आईला तुम्ही कुठे पाठवलंत?"

त्या दिवसापासून तस्नीमची झोप उडाली होती. संग्रामचा हात उठला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

सोमवारी सकाळी तिने संग्रामला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. डोक्याला मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या स्मृतिदर्शकाची जाळी बसवली आणि काचेच्या नळीतून गुऱ्हाळाचा वास दिला. संग्रामच्या मुठी आवळल्या, मानेच्या शिरा फुगल्या. तिने घाईने नळी बंद केली.

"काय दिसलं?"

"तोच माणूस. भुवईवर खोक असलेला." संग्रामने कपाळावरचा घाम पुसला. "डॉक्टर, मला काय झालंय?"

तस्नीम त्याच्या समोर येऊन बसली. "चूक माझी आहे. नीट सांगते. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे की काढला, बघितला, तसाच परत ठेवला. आठवण काढली की ती काही तास ओली होते. त्या वेळात आजूबाजूला जे चाललंय, मनात जे आहे, त्याचा एक थर तिच्यावर चढतो आणि मग ती वाळते. जमीन सारवतो ना आपण, तसं. मी याला पुनर्लेपन म्हणते. तुमच्या बाकावर माणूस आठवण काढायचा तेव्हा पाणी प्यालेला असायचा, सावलीत बसलेला असायचा, शेजारी कुणी ऐकणारं असायचं. त्याच्या गावावर शांततेचं सारवण चढायचं. मी काय केलं? भांडणाच्या ऐन मध्यात गाव काढलं. राग विझला खरा, पण विझता विझता त्या आठवणीवर एक हात फिरवून गेला. पाहुण्याला एकदाच वास मिळाला, त्याचं फारसं बिघडत नाही. खांबेटेसर दर आठवड्याला यायचे."

"आणि मी रोज," संग्राम म्हणाला.

"आपल्याकडे सगळ्यांत जास्त लोक येतात ते कोल्हापूर-सांगलीचे. सगळ्यांत जास्त वेळा सुटतो तो गुऱ्हाळाचा वास. आणि प्रत्येक वेळी तुम्ही तिथे असता."

मग संग्रामने जे सांगितलं ते आजवर बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचे वडील, आबा, तो चार-पाच वर्षांचा असतानाच ट्रॅक्टर उलटून गेले. घरात लग्नातला एक फोटो होता; त्यातला मिसरूडही न फुटलेला पोरगा त्याला कधीच बाप वाटला नाही. त्याच्याकडे बाप म्हणून होती ती एकच आठवण. गुऱ्हाळ चाललंय, वाफेने सगळं धूसर झालंय, आबाने त्याला कडेवर घेतलंय. आबा हसतोय. पानावर गरम काकवी घेऊन त्याच्यापुढे धरतोय आणि म्हणतोय, "फुंकर मार, बाळा, गरम हाय."

"एवढाच बाप आहे हो माझ्याकडे," तो म्हणाला. "दुसरा नाही. आणि आता वास आला की तो येत नाही. हा कोण खोकवाला येतो. कुठल्या भांडखोर पाहुण्यानं माझ्या बापाची जागा धरली, तेवढं तरी मला शोधून द्या."

तेवढं तस्नीमला करता येण्यासारखं होतं. संग्रामने वर्णन केलं, मुखरेखाटक यंत्राने चेहरा काढला. नाक जरा रुंद, मिशा आणखी जाड, असं करत करत हुबेहूब. मग नगरीच्या दारातून आजवर आत आलेल्या प्रत्येक चेहऱ्याशी तो ताडून पाहिला. यंत्र दुपारपर्यंत चाललं आणि रिकाम्या हाताने थांबलं.

"हा माणूस इथे कधी आलेलाच नाही," तस्नीम गोंधळून म्हणाली. "बहुधा अनेक चेहऱ्यांची मिसळ असेल."

"काही उपाय?"

"ज्या वाटेने बिघडलं त्याच वाटेने सुधारायचं. आठवण पुन्हा ओली करायची, पण शांतपणे. आणि शक्यतो अशा माणसाच्या संगतीत, जो त्या वेळी तिथे होता. कुणी आहे?"

"माझी आक्का आहे," संग्राम म्हणाला.

आक्का त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. भोगावतीकाठच्या त्यांच्या गावात ती अजून राहत होती. गावातली गुऱ्हाळं केव्हाच बंद पडली होती. रस बंद टाक्यांत आटत होता आणि वास बाहेर येऊ द्यायचा नाही असा कायदा झाला होता. संग्राम पोचला तेव्हा ती परसात शेंगा फोडत बसली होती.

"आलास व्हय? बस. किती वाळलास रं!" असं म्हणून तिने सूप बाजूला सारलं. हे ती तो लठ्ठ होता तेव्हाही म्हणायची.

त्याने तिला सगळं सांगितलं. गंध, पुनर्लेपन, उगारलेला हात. आक्काला शास्त्रात गम्य नव्हतं, पण हात उगारल्याचं ऐकून तिचा चेहरा उतरला. शेवटी त्याने खिशातून ते रेखाटन काढलं. "हा बघ. आबाच्या जागी आता हा येतो."

आक्काने पदराला हात पुसले, चष्मा लावला, कागद उजेडात धरला. आणि मग तिने तो छातीशी धरला.

"हे कुणी काढलं रं?" तिने विचारलं. "असा फोटू आपल्याकडं कवाच नव्हता. लगनानंतर बैलानं शिंग मारलं, तवाची ही खोक. आबा हाय ह्यो, संग्राम. आपला आबा हाय."

परसातली कोंबडी शेंगांच्या ढिगावर चढली, तरी दोघांपैकी कुणी तिला हाकललं नाही.

"आबा? एवढ्या रागात?"

"त्या दिशी हुताच रागात." आक्काने कागद मांडीवर पसरला. "तुला म्या खरं कधी सांगिटलंच न्हाई. गुऱ्हाळावर ऊस आदी कुणाचा गाळायचा, त्यावरनं जुंपली हुती. पाळी आबाची. दत्तूचुलत्यानं मधीच गाडी घातली. आबाच्या एका हातात कोयता आन् दुसऱ्या हातानं तू कडंवर. तू टाहो फोडलेला. मी भिंतीला टेकून बघतीया. आता मुडदा पडतोय असं वाटलं बघ. तेवढ्यात ज्योतीराम गुळव्या काहील सोडून मधी शिरला. कोयत्याला हात न्हाई लावला त्यानं. आबाला निस्ता खांद्यानं पाठमोरा केला. तांब्याभर पाणी दिलं. उसाच्या मोळीवर बसिवला. आन् शेजारी टेकून इचारलं, 'पोरानं सकाळधरनं काय खाल्लंय का न्हाई?'"

संग्रामने मनात बोटं मोजली. पाणी. बाक. आणि भांडणाशी काही संबंध नसलेला एक प्रश्न. आपल्या तोंडात हे आपोआप आलं, असं तो आयुष्यभर सांगत आला होता.

"मग?"

"मग आबा गप झाला. कोयता खाली ठिवला. काकवी मागून घितली, तुझ्याम्होरं धरली. पण तुझ्या डोक्यात भांडाणच बसलं. पुढं आबा गेला, आन् तू गुळाचा वास आला की किंचाळून उठायचास. आई रानात असायची. मी तुला मांडीवर घ्यायची, त्वांडात गुळाचा खडा द्यायची आन् त्याच दिसाची गोष्ट सांगायची. रोज थोडं थोडं काढून टाकायची. आदी कोयता काढला. मग दत्तूचुलता काढला. मग आबाला हसिवला. असं करत करत तू झोपाया लागलास."

"तो हसत नव्हता?"

"आबा लई कमी हसायचा, बाळा."

संग्राम उठून आडाच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याला राग आला, आक्काचाही आला. ज्या हसण्यावर उभं आयुष्य काढलं, ते एका अकरा-बारा वर्षांच्या पोरीने रचलेलं होतं. त्याच वेळी त्याला लख्ख कळत होतं की तस्नीम ज्याला पुनर्लेपन म्हणते ते या पोरीने, स्वतःचाही बाप नुकताच गेलेला असताना, हातात गुळाचा खडा घेऊन रोज केलं होतं. खालचा थर पुसला गेला नव्हता, फक्त झाकला होता. नगरीतल्या हजार भांडणांनी सारवण उखडलं, आणि आतून निघाला तो कुणी परका पाहुणा नव्हता. ज्याने बापाची जागा बळकावली म्हणून तो मुठी आवळत होता, तो बापच होता.

त्याने तिथूनच तस्नीमला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे," ती सावकाश म्हणाली. "तोच वास आणि तोच राग. पहिल्या वेळी जे दोन होते, ते दोन्ही पुन्हा एकत्र आले. मेंदूने पहिला थर काढून दिला. संग्रामदादा, मी तुमच्या वडिलांना पुसलं नाही."

संग्राम परत येऊन आक्काच्या शेजारी बसला.

"आणि ती फुंकर? 'फुंकर मार, बाळा, गरम हाय.' तेही तूच घातलंस?"

"न्हाई," आक्का ठामपणे म्हणाली. "त्ये न्हाई घाटलं म्या. त्ये त्याचं त्योच बोलला. आवाज कापत हुता त्याचा."

मग मात्र संग्रामला रडू आवरलं नाही. आक्काने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आत जाऊन डब्यातून गुळाचा खडा आणला आणि पन्नाशी गाठलेल्या भावाच्या तोंडात घातला.

"आक्का, परत सांग," तो म्हणाला. "कोयत्यासकट सांग. आता काही काढू नकोस."

आणि तिने सांगितलं. दुपार कलेपर्यंत, पुन्हा पुन्हा.

चौकशीत इस्लामपूरच्या पाहुण्याने तक्रार मागे घेतली. "त्यांच्या डोळ्यांत माझा राग नव्हता, दुसराच कुणाचातरी होता," असं त्याने सांगितलं म्हणे. तस्नीमने स्मरगंध बंद केला नाही, पण त्याची जागा आणि वेळ बदलली. पॉपकॉर्नचं दुकान हललं, करंजाखाली बाक परत आला. आता गंध सुटतो तो तिथेच, आणि तोही माणूस गावाबद्दल बोलायला लागल्यावर, अगदी पुसट. खांबेटेसर दर बुधवारी न भांडता येऊन बसतात. आई अजून पुरती दिसत नाही, पण परवा तिचा हिरवा चुडा दिसला, असं सांगत होते.

संग्राम कामावर आला त्या पहिल्याच दुपारी वेगसर्पाच्या रांगेत जुंपली. मध्ये घुसला म्हणून एकाने दुसऱ्याची गचांडी धरली होती. संग्रामने दोघांना खांद्याने पाठमोरं केलं, पाणी दिलं, बाकाच्या दोन टोकांना बसवलं. ज्याचा राग जास्त होता त्याच्या शेजारी तो टेकला.

"पावणं, गाव कुठलं?"

"कागल," तो गुरगुरला. पण पुढे बोलत राहिला. ओढ्याकाठचं शेत, आजोबांची बैलजोडी. बाकाखालून गुऱ्हाळाचा वास हलकेच आला. संग्रामची छाती पूर्वीसारखीच धडधडली. भुवईवर खोक असलेला तो लालबुंद चेहरा आला, आणि या वेळी संग्रामने त्याला जाऊ दिलं नाही, नीट बघून घेतलं. रांगेत कुणीतरी पुढे घुसल्याने चिडलेला, पोर कडेवर घेतलेला, उन्हात तापलेला एक माणूस. असे तर त्याने हजारो बसवले होते या बाकावर.

चहा आला. कागलकराने अजून धुसफुसतच पेला उचलला आणि तसाच तोंडाला लावायला गेला. संग्रामने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"फुंकर मारा, पावणं," तो म्हणाला. "गरम हाय."

त्याचाही आवाज जरासा कापला.